वीस ग्रॅम तेल, बारा गुंठे

सकाळी ६.३०

सोनिकेटर चालवायचा तो कॉलेज भरायच्या आत. ऑक्टोबरात धामणगावला दहा वाजले की प्रयोगशाळेवरचे पत्रे तापू लागतात. शिवाय सेकंदाला वीस हजार वेळा थरथरणाऱ्या त्या टायटॅनियमच्या दांडीची किंकाळी शेजारच्या वर्गाला सोसत नाही. आणि सकाळची वीज सहसा टिकते, हे तर सगळ्यात मोठं कारण.

कुलूप उघडलं की आधी खिडक्या उघडायच्या. ब्युटाइल ॲक्रिलेटचा वास कालचा असला तरी आजही असतो. कुजल्या फळासारखा गोड, घशात बसणारा. बाटलीतल्या या दोन्ही द्रवांत, म्हणजे मिथाइल मेथॅक्रिलेट आणि ब्युटाइल ॲक्रिलेट यांच्यात, कारखानदार एक अवरोधक घालून पाठवतो, नाहीतर वाटेतच बाटलीत प्लास्टिक व्हायचं. तो काढायला काचेच्या नळीत अल्युमिना भरून त्यातून दोन्ही थेंबथेंब गाळून घ्यायचे. अर्धा तास जातो. प्रकल्प करणाऱ्या दोन मुलींपैकी एक देवगावहून पहिल्या एसटीने येते. ती नळीपाशी उभी राहते, मी वजनं करते.

लॅब असिस्टंटभाऊ बसस्टँडजवळच्या लस्सीवाल्याकडून बर्फ घेऊन येतात. पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, "मॅडम, लस्सीवाला पुसून राह्यला, कालेजात रोज कोनाचं लगन हाये म्हणून."

"त्याले सांगा, तेलाचं आन् पाण्याचं," मुलीनेच उत्तर दिलं.

७.१५

पाणी ८० ग्रॅम, त्यात सोडियम लॉरिल सल्फेट ०.४ ग्रॅम. म्हणजे शाम्पूतला फेसच. दुसऱ्या चंचुपात्रात मेथॅक्रिलेट ८.४ ग्रॅम, ॲक्रिलेट ५.६ ग्रॅम आणि सोयाबीन तेलापासून आधीच शिजवून ठेवलेलं अल्किड रेझिन ६ ग्रॅम. सगळं तेल मिळून २० ग्रॅम. शेवटी त्याच तेलात ०.८ ग्रॅम सेटिल अल्कोहोल. पांढरे, मेणचट दाणे. व्हॅनिशिंग क्रीममध्ये हेच असतं. या पाऊण-एक ग्रॅमवर आजचा दिवस उभा आहे.

अल्किड म्हणजे ऑइलपेंटचा जीव. तेल आणि ग्लिसरीन २३०-२४० अंशांवर एकत्र तापवायचं, मग त्यात थॅलिक ॲनहायड्राइड घालून शिजवत न्यायचं. जवसाचं तेल घेतलं तर रंग झटपट वाळतो पण पिवळा पडतो. सोयाबीनचा उशिरा वाळतो पण पिवळेपणा कमी. वऱ्हाडात दोन्हीही पिकतं, आणि सध्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या ढिगांमधून चालायला वाट नाही, म्हणून सोयाबीन.

ऑइलपेंटची अडचण थिनरची. भिंतीवर लावलेल्या डब्यातला मोठा वाटा दोन दिवसांत हवेत उडून जातो, आणि बंद खोलीत काम करणाऱ्या पेंटरचं डोकं चढतं ते वेगळंच. पाण्यातला रंग, म्हणजे आपण दुकानात मागतो ते प्लास्टिक इमल्शन, या त्रासातून सुटलेलं. पण त्यात ऑइलपेंटची चकाकी आणि टणकपणा नाही. दोन्ही एका कणात बसवता येतील का, हा आमच्या मुलींच्या प्रकल्पाचा प्रश्न. प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकला जोसेफ शॉर्क आणि स्पेनच्या बास्क प्रांतात होसे आसुआ यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलेलं आहे. आम्ही आमच्या आवारातलं तेल घेऊन बघतो आहोत एवढंच.

८.००

चंचुपात्र बर्फात, दांडीचं टोक द्रवात दोन बोटं बुडालेलं, कानांत कापसाचे बोळे. कापूस इथे मागावा लागत नाही.

बटण दाबलं की आधी काही होत नाहीसं वाटतं. मग तळातून पांढरा लोट उठतो. ध्वनीच्या प्रत्येक ताणात द्रवात सूक्ष्म बुडबुडे जन्मतात आणि पुढच्याच दाबात मिटतात. त्या मिटण्याच्या धक्क्याने तेलाचे थेंब फुटत जातात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी या विषयात केलेलं काम जगभर वाचलं जातं. त्यांच्यासोबत भारत भानवसे आणि शिरीष सोनवणे यांनी कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण ध्वनिलहरींच्या मदतीने पॉलिमरच्या आवरणात घातले. २०११-१२च्या सुमाराचे ते शोधनिबंध आमच्या मुलींनी झेरॉक्स काढून, पिवळ्या पेनने रंगवून ठेवले आहेत. भानवसे पुढे नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत आले. डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली ती संस्था. रंग, तेल, प्लास्टिक या तिन्ही गोष्टी शिकवणारी जागा गाडीने दोन-अडीच तासांवर आहे याचा आमच्या मुलींना फार आधार वाटतो.

पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद. सलग चालवलं तर द्रव तापतो आणि बहुलीकरण, म्हणजे सुटे रेणू जोडून लांब साखळ्या होणं, आत्ताच सुरू व्हायची भीती. बर्फ त्यासाठी. दहा मिनिटांत काम होतं, पण मन भरत नाही म्हणून आम्ही बारा चालवतो. मोठ्या कारखान्यात ही दांडी चालत नाही. तिथे दुधाच्या डेअरीत असतो तसलाच उच्च दाबाचा होमोजिनायझर लागतो.

बंद केल्यावर मुलींनी फळ्यावर हिशेब मांडला. थेंबाचा व्यास १०० नॅनोमीटर धरला तर वीस ग्रॅम तेलाचे थेंब किती? चारवर सोळा शून्यं, जवळपास. आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ? बाराशे चौरस मीटर.

"म्हणजे बारा गुंठे!" देवगावच्या मुलीचा हिशेब तोंडी असतो. घरी वाटणीच्या गोष्टी ऐकतच मोठी झालेली.

या बारा गुंठ्यांवर अंथरायला आपल्याकडे साबण किती? ०.४ ग्रॅम. एक रेणू अर्धा चौरस नॅनोमीटर झाकतो असं ढोबळ धरलं तर चार-सव्वाचारशे चौरस मीटर. म्हणजे एक तृतीयांश जमीन झाकली, बाकी उघडी. पुस्तकात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पण अशा अतिबारीक थेंबांच्या मिश्रणाची, म्हणजे मिनिइमल्शनची, सगळी खुबी या टंचाईत आहे. साबण थेंबांवरच संपतो, पाण्यात फिरायला मोकळा उरत नाही, आणि म्हणून पाण्यात साबणाचे वेगळे गोळके, म्हणजे मायसेल, तयारच होत नाहीत.

८.४०

आकार मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. डोळे आहेत.

एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकायचा आणि खिडकीपाशी धरायचा. बाजूने पाहिलं तर निळसर झाक आणि आरपार सूर्याकडे धरलं तर तांबूस, असं दिसलं की थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच लहान झाले. नुसतं दुधासारखं पांढरं दिसलं की परत बर्फ. आज निळं आलं.

शेजारी आम्ही दुसरी परीक्षानळी ठेवतो. सगळं तेच, फक्त सेटिल अल्कोहोल नाही. सोनिकेटर बंद केला त्या क्षणी हीही पहिलीइतकीच निळी होती. कॉलेजची घंटा होईस्तोवर पांढरी झाली, आणि अकराला वर सायीसारखा थर आला.

याचं कारण आपटून एकत्र येणारे थेंब नव्हेत, किंवा तेवढंच नव्हे. लहान थेंबाच्या आत दाब जास्त असतो. शंभर नॅनोमीटरच्या थेंबात बाहेरच्यापेक्षा चारेक वातावरणांइतका जास्त भरतो. त्या दाबाने लहान थेंबातलं तेल पाण्यात विरघळतं आणि वाटेतल्या मोठ्या थेंबात जाऊन मुरतं. लहान आणखी लहान, मोठा आणखी मोठा. आमच्या बाजारपेठेत मोठ्या अडत्यापुढे छोट्याची गत होते तशी. विल्हेल्म ओस्टवाल्डच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. तिच्यावरचा उपाय १९६२ साली हिगुची आणि मिस्रा यांनी औषधशास्त्राच्या नियतकालिकात मांडला. थेंबात असं काही थोडंसं घाला जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मग बाकीचं तेल बाहेर जायला लागलं की मागे राहिलेल्या त्या पदार्थाची संहती वाढते, आणि परासरणाचा दाब तेलाला परत आत ओढतो. दोन दाबांची बरोबरी होते आणि थेंब जागच्या जागी थांबतो.

शुद्ध हेक्झाडेकेन या कामाला सर्वांत चांगलं. सोळा कार्बनची सरळ साखळी, पाण्याशी काही देणंघेणं नाही. पण त्याची बाटली आमच्या खर्चात बसत नाही. सेटिल अल्कोहोलही सोळा कार्बनचंच, फक्त टोकाला एक हायड्रॉक्सिल. त्यामुळे ते थोडं कच्चं. महिनाभर टिकणार नाही, दिवसभर टिकतं. आम्हाला दिवसच हवा आहे. आमच्या मिश्रणात अल्किडही आहे. तेही पाण्यात जात नाही, म्हणून तेही आपला भार उचलतं.

९.२०

तीन तोंडांचा फ्लास्क, वॉटर बाथ ७२ अंशांवर, अमरावतीहून आणलेल्या सिलिंडरमधून नायट्रोजन. ऑक्सिजन राहिला तर तो साखळी सुरू करणाऱ्या मुक्त मूलकांना गिळतो आणि तासभर काहीच घडत नाही. अर्ध्या तासाने ते मूलक देणारं पोटॅशियम परसल्फेट दोन मिलिलिटर पाण्यातून. घड्याळात वेळ लिहायची. ९.५२.

सकाळच्या, अजून न शिजलेल्या द्रवातला थोडा भाग एका शिशीत भरून, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये. तिचं काम संध्याकाळी.

१०.००

सलग दोन तास. पहिला बीएस्सी द्वितीयला, भौतिक रसायन, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात पॉलिमर आहे.

नेहमीचं इमल्शन बहुलीकरण मुलांना फेव्हिकॉलपासून सांगते. पिडिलाइटने १९५९ साली आणलेला तो पांढरा डिंक म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे कण. दुसऱ्या महायुद्धात नैसर्गिक रबर तुटलं तेव्हा अमेरिकेने याच पद्धतीने कृत्रिम रबर काढलं, आणि त्यातूनच शिकागोच्या हार्किन्सचं चित्र तयार झालं. पुढे १९४८ साली स्मिथ आणि युअर्ट यांनी त्याला गणित दिलं. त्या चित्रात तेलाचे मोठमोठे थेंब म्हणजे फक्त साठा. कण जन्मतात ते मायसेलमध्ये, आणि थेंबातलं मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा रेणू, पाण्यातून वाट काढत तिथवर जातं. थेंब रिकामे होत होत नाहीसे होतात.

इथे मागच्या बाकावरून बरोबर प्रश्न आला. "मॅडम, जे पाण्यातून जाऊच शकत नाही, त्याचं काय?"

हाच तो प्रश्न. अल्किड पाण्यातून चालत मायसेलपर्यंत जाऊ शकत नाही. नेहमीच्या पद्धतीत ते थेंबातच अडकून शेवटी फ्लास्कच्या तळाशी चिकट गोळा होऊन बसतं. म्हणून थेंबालाच कण करायचं. १९७३ साली नॉर्वेचे यॉन उगेलस्टाड आणि अमेरिकेत लीहाय विद्यापीठातले एल-आसर आणि व्हँडरहॉफ यांनी दाखवलं की थेंब पुरेसे लहान केले तर मूलक थेट थेंबात शिरतात आणि बहुलीकरण तिथेच होतं. थेंबात जे असेल ते कणात राहतं. मग तेल भरा, रंगद्रव्य भरा, चुंबकीय लोह भरा, औषध भरा.

व्हँडरहॉफचं नाव निघालं की मला अवकाशाची गोष्ट सांगावीशी वाटते. अभ्यासक्रमात नाही, तरी सांगते. मोठे आणि एकसारखे लॅटेक्स कण पृथ्वीवर वाढवताना ते वर येतात, खाली बसतात, ढवळलं तर चिकटतात. म्हणून १९८२ साली कोलंबिया यानातून त्यांची भट्टी पाठवली. वजनरहित अवस्थेत वाढवलेले १० मायक्रॉनचे गोळे १९८५ साली मोजमापाचं प्रमाण म्हणून विकायला आले. अवकाशात तयार होऊन विकली गेलेली ती पहिली वस्तू. तिकडे उगेलस्टाडने त्याच सुमारास एकसारखे गोळे जमिनीवरच करायची दुसरी युक्ती शोधली. हा भाग ऐकल्यावर मुलं जास्त हसतात.

दुपारी १२.१०

नमुना. पिचकारीने एक मिलिलिटर, आधीच वजन केलेल्या अल्युमिनियमच्या वाटीत, वर हायड्रोक्विनोनचा एक थेंब टाकून क्रिया तिथेच थांबवायची, आणि वाटी ओव्हनमध्ये. साधं ॲक्रिलिक असतं तर एव्हाना काम उरकलं असतं. अल्किडमुळे सगळं मंद. सोयाबीन तेलातल्या दुहेरी बंधांशेजारचे हायड्रोजन मूलकांना हवेहवेसे वाटतात. वाढती साखळी तिथे येऊन थबकते. हे नुकसानच आहे असं नाही, कारण असं थबकता थबकता काही साखळ्या अल्किडला कायमच्या जोडल्या जातात, आणि आम्हाला नेमकं तेच हवं आहे. पण वेळ लागतो, आणि शेवटचं काही मोनोमर हट्टाने उरतं.

१२.३५ ला वीज गेली. स्टरर इन्व्हर्टरवर आहे, तो फिरत राहतो. वॉटर बाथला इन्व्हर्टर पुरत नाही. लॅब असिस्टंटभाऊंनी न सांगता गोधडी आणून बाथभोवती गुंडाळली. अर्ध्या तासात पारा ७२ वरून ६६ वर आला. वहीत लिहिलं. डबा खाल्ला.

१.४५

देवगावच्या मुलीचे वडील सोयाबीन घेऊन आवारात आलेले. काटा व्हायला वेळ होता म्हणून लेकीची प्रयोगशाळा पाहायला आले. चप्पल दाराबाहेर काढत होते. राहू द्या म्हटलं तरी काढलीच.

"मॅडमजी, आमच्या सोयाबीनचा रंग बनवून राह्यले म्हणते पोरगी?"

"रंग नाही काकाजी, रंगाचं बांधणं. रंग भिंतीला धरून ठेवते ते."

"मंग भाव वाढते काय आमचा?"

नाही, असंच सांगावं लागलं. दाण्यात तेल शेकडा अठरा-वीस. भाव ठरतो तो पेंडीवर आणि खायच्या तेलावर. रंगाच्या धंद्यात तेल जातं ते त्यामानाने चिमूटभर. काकाजींनी मान हलवली, फ्लास्कमध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दूधच दिसते." मग पोरीकडे वळून, "जेवली काय वं?" आणि गेले काट्यावर.

३.३०

वीज दोनला परत आली होती. आता फ्लास्क उतरवायचा, गार करायचा, बारीक जाळीतून गाळायचा. जाळीवर काय उरतं ते फार महत्त्वाचं. गुठळी उरली तर कुठेतरी थेंब फुटले. आज जाळीवर नखाएवढा चिकटा. चालेल.

थोडं काचपट्टीवर ओतून, तारेच्या दांडीने पसरून, टेबलावर ठेवलं. पाणी उडालं की कण एकमेकांना टेकतात, मग दबतात, शेवटी त्यांच्या साखळ्या एकमेकांत शिरतात आणि पांढरेपणा जाऊन पारदर्शक पापुद्रा राहतो. पण हे सगळं पॉलिमर त्या तापमानाला मऊ असेल तरच. म्हणून दोन मोनोमरचं प्रमाण. निम्मं-निम्मं घेतलं तर फॉक्सच्या सूत्राने काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर पॉलिमर मऊ होतं ते, चारेक अंश येतं. डिसेंबरात पहाटे लावलं तरी पापुद्रा धरेल, पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भिंत चिकट होऊन कापसाची सगळी धूळ अंगावर घेईल. साठ-चाळीस घेतलं की वीसच्या आसपास. आम्ही साठ-चाळीस घेतलं. थंडीत थोडं बिघडेल, उन्हाळ्यात निभेल. अल्किड सुरुवातीला कण मऊ ठेवतं आणि पुढे हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू जाळं विणत टणक होतं, ही त्यातली जमेची बाजू.

कॉलेजच्या व्हरांड्याला डिस्टेंपर मारायला आलेले पेंटरभाऊ पट्टी बघायला आले. त्यांनी पापुद्रा नखाने उचलला, दोन्ही बाजूंनी ताणला, सोडला.

"ताणते बरं. काळ्या मातीतल्या घराले चालन." मग थोडं थांबून, "पन फिका किती होईन?"

त्यांचं परीक्षण माझ्या दृष्टीने यंत्राइतकंच मोलाचं. इथल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतीला दरवर्षी केसाएवढी नवी भेग जाते. कडक रंग त्या भेगेबरोबर फाटतो.

५.१५

ओव्हनमधल्या वाट्या डेसिकेटरमध्ये गार झाल्या. वजनं. नव्वद टक्क्यांच्या जवळपास मोनोमर पॉलिमरमध्ये गेलं. उरलेल्याचा वास येतोच आहे. तो दवडायला अजून एक पायरी लागेल. वासासकट कोणी भिंतीला लावणार नाही.

मुली खूश. मी त्यांना दरवेळी एक गोष्ट सांगते आणि त्यांना ती आवडत नाही. भिंतीच्या साध्या रंगासाठी मिनिइमल्शन म्हणजे उधळपट्टी आहे. नेहमीच्या इमल्शनमध्ये साबण आणि पाणी फुकटात कण घडवतात. इथे प्रत्येक थेंब वीज जाळून फोडावा लागतो, वर पाण्याला भिणारं काहीतरी महागडं आत कोंबावं लागतं. म्हणूनच पन्नास वर्षांत शोधनिबंधांचे गठ्ठे झाले आणि कारखान्यातले पिंप त्यामानाने मोजकेच. जिथे आत काही लपवायचं असतं, अल्किड असो, रंगद्रव्य असो की औषध, तिथेच हा खर्च परवडतो. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर हे लिहा, म्हटलं. त्यांना ते शेवटच्या पानावर हवं आहे.

७.००

उद्या सकाळच्या गाडीने दुसरी मुलगी नागपूरला जाते आहे, मामाकडे. तिथल्या एका प्रयोगशाळेत कणांचा आकार मोजून मिळतो. तिच्यासोबत दोन शिश्या, थर्मासमध्ये. एकीवर 'थेंब, सकाळ', दुसरीवर 'कण, संध्याकाळ'.

सूचना कागदावर लिहून दिल्या, कारण तोंडी सांगितलेलं पुलगाव येईस्तोवर विसरतं. 'कण' साध्या शुद्ध पाण्याने पातळ केले तरी चालतील. 'थेंब' मात्र नाही. मेथॅक्रिलेट पाण्यात शेकडा दीड ग्रॅम विरघळतं. मोठ्या पाण्यात थेंब टाकला की त्यातलं निम्मंअधिक तेल पाण्यात पळून जाईल आणि यंत्र उगाच लहान आकडा दाखवेल. म्हणून सोबत तिसरी बाटली, मोनोमरने आधीच संतृप्त केलेल्या पाण्याची. तिने पातळ करायचं, आणि उद्याच मोजायचं, परवावर टाकायचं नाही.

"आकडे सारखे आले पाह्यजे ना?" तिने विचारलं.

अगदी सारखे येणार नाहीत. मोनोमरचं पॉलिमर होताना आकारमान आक्रसतं, त्यामुळे व्यास शंभराचा पंच्याण्णवच्या आसपास यावा. तसा आला तर सकाळचा प्रत्येक थेंब संध्याकाळी स्वतःच कण झाला. साठ आला तर काही मेथॅक्रिलेटने पाण्यातच नवे कण जन्माला घातले, त्यांत अल्किड नाही, आणि आपल्याकडे एकात दोन नव्हे तर दोन वेगवेगळी लॅटेक्सं एका बाटलीत आहेत. मग परवा मेथॅक्रिलेट कमी करून पाण्यात कमी विरघळणारं स्टायरीन थोडं घालायचं. त्याचा अवरोधक आज रात्रीच काढून ठेवावा का, यावर लॅब असिस्टंटभाऊ कुलूप हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. नको म्हटलं, आधी आकडे येऊ द्या.